यंत्राला शिकविणाऱ्या दोन शिक्षिका

(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



आज आपल्या घरोघरी एक प्रश्न विचारला जात आहे. मुलगा किंवा मुलगी बारावी झाली की आईबाप विचारतात, ‘ही सॉफ्टवेअरची विद्या मुलांना शिकवावी काय? ती जन्मभर पुरेल काय?’ एक शेजारी सांगतो, ही विद्या चार वर्षांत जुनी होते. दुसरा सांगतो, आता यंत्रच यंत्राचे काम लिहू लागले आहे, मग माणसाला कोण विचारणार? तेव्हा कर्ज काढून फी भरावी की भरू नये, ह्या विवंचनेत घर पडते. हा प्रश्न गैर नाही. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढत आहे, त्या घराला एक चुकलेला निर्णय दहा वर्षे मागे नेतो. म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर मी कोरड्या उपदेशाने देणार नाही. ज्यांनी ही विद्या जवळजवळ तिच्या जन्मापासून हाताळली, अशा दोन स्त्रियांच्या आयुष्याच्या आधाराने ते देण्याचा माझा विचार आहे. त्या दोघीही अमेरिकेतल्या आणि दोघीही मूळच्या गणिताच्या शिक्षिका. तुम्ही ही हकीगत लक्षपूर्वक ऐकावी आणि मग आपापल्या घरापुरते उत्तर आपणच काढावे, अशी माझी विनंती आहे.

सॉफ्टवेअर म्हणजे काय?

प्रथम विषय नीट समजून घेऊ. संगणक हे यंत्र आपण होऊन काहीच करीत नाही. त्याला प्रत्येक काम बारीकसारीक आज्ञांत फोडून, क्रम लावून सांगावे लागते. ह्या आज्ञांच्या यादीला प्रोग्राम म्हणतात आणि असल्या सर्व याद्यांना मिळून सॉफ्टवेअर हे नाव आहे. रेल्वेचे तिकीट, बँकेचे पासबुक, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनच्या दुकानात अंगठा ठेवावयाचे यंत्र, ह्या प्रत्येकामागे कोणा ना कोणा माणसाने लिहिलेली अशी यादी असते.

ही गोष्ट किरकोळ नाही. शिष्यवृत्तीला कोण पात्र, कोण अपात्र, कोणता दाखला चालेल आणि कोणता चालणार नाही, हे सारे त्या यादीत लिहिलेले असते. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे आपल्या आजोबा-पणजोबांना वाचता येत नव्हते. त्या एका अज्ञानापायी किती घरांची जमीन गेली, हे तुम्हांला मी सांगावयास नको. आजच्या काळाची वही संगणकात आहे. ती कोण लिहितो आणि ती कोणाला वाचता येते, हा प्रश्न जितका पोटाचा आहे तितकाच हक्काचाही आहे.

डिसेंबर १९४३

दुसरे महायुद्ध चालू होते. पुरुष लढाईवर गेले होते आणि गणित जाणणाऱ्या माणसांची सरकारला गरज होती. १९४३ सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेत दोन शिक्षिकांनी आपापली नोकरी बाजूस ठेवून सरकारी कामावर नाव घातले.

पहिली ग्रेस हॉपर. तिचा जन्म १९०६ साली न्यूयॉर्क शहरातील एका सुखवस्तू घरात झाला. मुलींनाही मुलाइतकेच शिक्षण मिळाले पाहिजे, असा तिच्या वडिलांचा आग्रह होता. तिने व्हासार कॉलेजातून पदवी घेतली, १९३४ साली येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळविली आणि व्हासार येथेच ती गणित शिकवू लागली. नौदलात जावयाचे तिने ठरविले तेव्हा वय जास्त, वजन नेमलेल्यापेक्षा १५ पौंड कमी, असे अडथळे निघाले. तिने खास सवलत मिळविली आणि वयाच्या ३७ व्या वर्षी ती राखीव नौदलात दाखल झाली.

दुसरी डोरोथी वॉन. तिचा जन्म १९१० साली मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे, कृष्णवर्णीय घरात झाला. तिने १९२९ साली विल्बरफोर्स विद्यापीठाची पदवी घेतली, म्हणजे वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षी. व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिल येथे कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या मोटन हायस्कुलात ती गणित शिकवीत होती. त्याच राज्यातील हॅम्प्टन येथे लँगले नावाची सरकारी विमान-संशोधनशाळा होती. तेथे गणित करणाऱ्या स्त्रियांची भरती चालू होती आणि पगार शिक्षिकेच्या पगाराच्या दुपटीहून अधिक होता. आपली मुले नातलगांच्या स्वाधीन करून डोरोथी तेथे गेली.

महिना एक, विषय एक, पेशा एक. पण दोघींच्या वाट्यास आलेली दारे मात्र निराळी होती. ते कसे, हे पुढे पाहू.

५१ फूट लांबीचे यंत्र

ग्रेस हॉपरला १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात पाठविण्यात आले. तेथे हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली ‘मार्क वन’ नावाचे गणकयंत्र चालत होते. ते ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच होते. त्याला आज्ञा द्यावयाच्या त्या कागदाच्या पट्टीवर भोके पाडून. एक गुणाकार करण्यास त्याला सुमारे सहा सेकंद लागत. आज तुमच्या खिशातील मोबाईल त्याला लाजवील. परंतु त्या दिवसांत तो चमत्कारच होता. ह्या यंत्राला काम कसे सांगावे हे शिकविणारी शाळा जगात कोठेही नव्हती. हॉपर ते काम करता करताच शिकली आणि नंतर त्या यंत्राचे पाचशेहून अधिक पानांचे मार्गदर्शक पुस्तक तयार करण्याचे मुख्य काम तिनेच केले. ते पुस्तक १९४६ साली निघाले. लक्षात घ्या, जे स्वतःला आले ते लगेच कागदावर उतरवून दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे, ही तिची सवय पहिल्या दिवसापासूनची होती.

युद्ध संपले. नौदलाच्या कायम सेवेत जाण्यास वय आडवे आले. १९४९ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, कॉलेजातील सुरक्षित नोकरीकडे परत न जाता ती फिलाडेल्फिया येथील एकर्ट-मॉकली ह्या नव्या कंपनीत गेली. तेथे ‘युनिव्हॅक’ हे यंत्र तयार होत होते. म्हणजे पाच वर्षांत शिकलेले यंत्र मागे पडले आणि नवे यंत्र मुळापासून शिकावे लागले. तिच्या कारकिर्दीत हे पुन्हा पुन्हा घडले आहे.

पुरोहितांची भाषा आणि लोकांची भाषा

आता ह्या हकीगतीचा गाभा येतो. त्या काळी यंत्राला सारे काही आकड्यांत सांगावे लागे. कोणत्या आकड्याचा अर्थ बेरीज, कोणत्या आकड्याचा अर्थ वजाबाकी, कोणती रक्कम कोणत्या खान्यात ठेवली, हे सर्व पाठ असलेली मूठभर माणसे होती. वर्गमूळ काढणे किंवा तक्ता छापणे अशी नेहमी लागणारी कामे ही माणसे एकमेकांच्या वह्यांतून उतरून घेत. उतरताना आकडा चुकला की सारेच चुके.

हॉपरच्या मनात असा विचार आला की, उतरून घेण्याचे हे कंटाळवाणे काम यंत्रालाच का सांगू नये? प्रत्येक तयार तुकड्याला एक क्रमांक द्यावा, ते सर्व तुकडे चुंबकीय फितीवर ठेवावे. माणसाने फक्त क्रमांक सांगावेत आणि यंत्राने ते तुकडे शोधून, जुळवून, पूर्ण प्रोग्राम स्वतः तयार करावा. १९५१-५२ साली तिने असा प्रोग्राम लिहिला. त्याला ‘ए-झीरो’ म्हणतात. प्रोग्राम तयार करणाऱ्या प्रोग्रामाला कंपायलर हे नाव रूढ झाले, त्याचा हा अगदी आरंभीचा नमुना होय. तिच्या सांगण्याप्रमाणे कित्येक दिवस त्याला कोणी हात लावीना. यंत्राला फक्त अंकगणित येते, ते प्रोग्राम लिहू शकत नाही, असे जाणते लोक म्हणत होते.

त्यापुढे तिने आणखी धीट पाऊल टाकले. व्यापारी, बँक, विमा कंपनी, सरकारी कचेरी येथे काम करणारी माणसे गणिताच्या चिन्हांत विचार करीत नाहीत, ती रोजच्या शब्दांत विचार करतात. मग ‘वाचा’, ‘तुलना करा’, ‘गुणा’, ‘लिहा’ अशा साध्या इंग्रजी शब्दांतच यंत्राला आज्ञा का देऊ नयेत? यंत्राला इंग्रजी कळत नाही, असे तिला सांगण्यात आले. तिचे उत्तर सरळ होते. यंत्राला आकडाही कळत नाही, त्याला फक्त खूण कळते. अमुक खूण आली की अमुक काम करावयाचे, एवढेच त्याला शिकवावयाचे आहे. ती खूण शब्दाची असली तर बिघडले कोठे?

ह्या कामात एक मोठी बोधप्रद गोष्ट घडली. आपली कल्पना वरिष्ठांना पटविण्यासाठी हॉपरने एक लहानसा प्रोग्राम करून दाखविला आणि त्यातील इंग्रजी शब्दांच्या जागी फ्रेंच शब्द घालून तोच चालवून दाखविला. पुढे जर्मन शब्द घालूनही चालविला. यंत्राला सर्व भाषा सारख्याच, हे तिला सिद्ध करावयाचे होते. वरिष्ठ मंडळी खूश होण्याऐवजी बिचकली. फिलाडेल्फियात तयार झालेल्या अमेरिकन यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कशी समजेल, हे त्यांच्या गळी उतरेना. शेवटी फक्त इंग्रजीच वापरू, असे वचन तिला द्यावे लागले! यंत्राची काही हरकत नव्हती, हरकत होती ती माणसांची.

ह्या प्रयत्नांतून ‘फ्लो-मॅटिक’ ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा निघाली. विरोध केवळ वरिष्ठांचाच होता असे नाही. आकड्यांची गूढ भाषा जाणणारे प्रोग्रॅमरही नाखूश होते. जॉन बॅकस यांनी पुढे फोर्ट्रान ही शास्त्रीय गणितासाठी प्रसिद्ध झालेली भाषा आपल्या सहकाऱ्यांसह तयार केली आणि ती १९५७ साली लोकांपुढे आली. त्यांनी त्या पहिल्या पिढीच्या प्रोग्रॅमरांना पुरोहितवर्गाची उपमा दिली आहे. सामान्य माणसांना न कळणारे मंत्र आपल्याजवळ आहेत, ह्यातच त्या वर्गाला आपली प्रतिष्ठा वाटत होती आणि ते मंत्र सोपे करणाऱ्यांकडे तो शत्रुत्वाने पाहत होता. बंधूंनो, ही उपमा अमेरिकेतल्या एका गोऱ्या शास्त्रज्ञाची आहे, माझी नाही. पण तिचा अर्थ समजण्यास तुमच्यापैकी कोणालाही टीप लागणार नाही.

कोबोल

१९५९ साली निरनिराळ्या कंपन्या आणि अमेरिकेचे संरक्षण खाते ह्यांनी एकत्र बसून सर्व यंत्रांवर चालेल अशी एक समाईक भाषा ठरविण्याचे मनावर घेतले. ती कल्पना पुढे आणण्यात मेरी हॉज ह्या प्रोग्रॅमर बाईंचा पुढाकार होता. हॉपर सल्लागार होती आणि नव्या भाषेचा पाया बव्हंशी तिच्या फ्लो-मॅटिकचा होता. ह्या भाषेचे नाव कोबोल. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर जवळजवळ जसाच्या तसा चालवून दाखविण्यात आला. एका मालकाच्या यंत्रासाठी लिहिलेले काम दुसऱ्या मालकाच्या यंत्रावरही चालू लागले.

ह्या कोबोलचा आपल्याशी खरा संबंध आहे. जुन्या प्रोग्रामांत जागा वाचविण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. २००० साल आल्यावर ‘००’ म्हणजे १९०० की २०००, हा घोटाळा जगभरच्या बँकांना आणि कचेऱ्यांना भेडसावू लागला. ते जुने प्रोग्राम तपासून दुरुस्त करण्याचे प्रचंड काम १९९० नंतरच्या दशकात भारतात आले आणि मुंबई-पुण्यातील कित्येक तरुणांची पहिली नोकरी ह्याच कामात लागली. पुढे एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, बेकारभत्त्याचे अर्ज जुन्या यंत्रांना झेपेनात. तेव्हा न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणारी माणसे हवीत, असे जाहीर आवाहन करावे लागले. जी विद्या चार वर्षांत मरते असे आपण ऐकतो, तिच्यातील एक भाषा साठ वर्षांनंतरही लोकांच्या पोटापाण्याशी निगडित होती.

निवृत्ती न मानणारी बाई

१९६६ च्या अखेरीस वय झाले म्हणून नौदलाने हॉपरला निवृत्त केले. परंतु नौदलातच प्रत्येक कचेरीची कोबोल निराळी होऊन बसली होती. तो गोंधळ आवरण्यासाठी ऑगस्ट १९६७ मध्ये तिला सहा महिन्यांकरिता परत बोलावण्यात आले. ते सहा महिने काही केल्या संपेनात! १९७१ साली ती पुन्हा निवृत्त झाली, १९७२ साली पुन्हा बोलावली गेली. शेवटी १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर अॅडमिरल ह्या हुद्द्यावरून ती निवृत्त झाली. त्यानंतरही डिजिटल इक्विपमेंट ह्या कंपनीची सल्लागार म्हणून ती काम करीत राहिली. १ जानेवारी १९९२ रोजी ८५ व्या वर्षी तिचे निधन झाले.

ह्या अखेरच्या वीस-पंचवीस वर्षांत तिचा मुख्य उद्योग शिकविण्याचा होता. व्याख्यानाला जाताना ती सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारेचे तुकडे बरोबर नेई आणि श्रोत्यांना वाटी. एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर जाऊ शकते. म्हणून यंत्र वेगवान करावयाचे तर ते लहान करावे लागते, हे ती तारेच्या तुकड्याने समजावी. अॅडमिरलपासून शाळकरी पोरापर्यंत सर्वांना ते एकदम समजे. आपण केलेल्या कामांत तरुण माणसे तयार करण्याचे काम ती सर्वांत मोठे मानीत असे.

वेगळे टेबल

आता दुसऱ्या शिक्षिकेकडे वळू. लँगलेचे दार कृष्णवर्णीय स्त्रियांना सहजासहजी उघडलेले नव्हते. कामगार पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर प्रचंड मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा जून १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांतील नोकऱ्यांत वर्णभेद करण्यास मनाई करणारा हुकूम काढला. तो हुकूम निघाला नसता तर डोरोथी वॉनची पदवी पेटीतच राहिली असती.

परंतु दार उघडले म्हणजे भेद गेला असे झाले नाही. त्या काळी ‘कम्प्युटर’ हा शब्द हिशेब करणाऱ्या माणसालाच लावीत. कृष्णवर्णीय स्त्री-कम्प्युटरांचा कक्ष वेगळा होता, त्याचे नाव वेस्ट एरिया कम्प्युटिंग. काम तेच, विमानाच्या चाचण्यांचे तेच आकडे आणि तीच गणिते. पण बसण्याची जागा वेगळी, भोजनगृहात टेबल वेगळे, शौचालय वेगळे. पाणवठा आणि पंगत ह्यांचा इतिहास ज्यांच्या घरात आहे, त्यांना ह्याचा अर्थ फोडून सांगण्याची आवश्यकता नाही.

१९४९ साली डोरोथी ह्या कक्षाची प्रमुख झाली. त्या संस्थेतील ती पहिली कृष्णवर्णीय प्रमुख होय. आपल्या कक्षातील मुलींना बढती मिळावी, चांगल्या कामावर नेमले जावे, ह्यासाठी ती वरिष्ठांशी बोलत असे. गोऱ्या सहकारी स्त्रियांसाठीही ती बोलली आहे. १९५८ साली संस्थेचे रूपांतर नासामध्ये झाले आणि वेगळे कक्ष बंद झाले. ही न्यायाची गोष्ट झाली. परंतु त्याबरोबर डोरोथीचे प्रमुखपदही गेले. वय ४८. हाताने करावयाचे गणित आता विजेची यंत्रे करू लागली होती. जी विद्या पंधरा वर्षे पोटाला घालीत होती, तीच संपावयास आली.

अशा वेळी तिने काय केले? ती फोर्ट्रान शिकली आणि आपल्याबरोबरच्या स्त्रियांनाही तिने शिकविले. मिश्र कक्षात ती निष्णात फोर्ट्रान प्रोग्रॅमर म्हणून नावाजली आणि ‘स्काउट’ ह्या उपग्रह सोडणाऱ्या अग्निबाणाच्या कामात तिचा वाटा होता. अधिकाराची जागा मात्र तिने मागूनही तिला पुन्हा मिळाली नाही. १९७१ साली ती निवृत्त झाली. २००८ साली ९८ व्या वर्षी ती वारली, तेव्हा तिचे नाव फार थोड्यांना माहीत होते. २०१६ साली मार्गो ली शेटर्ली यांच्या पुस्तकाने ते जगापुढे आणले आणि अमेरिकन काँग्रेसचे सुवर्णपदक तिला मरणोत्तर मिळाले.

आणखी एक गोष्ट. ज्या मोटन हायस्कुलात डोरोथी शिकवीत होती, त्याच शाळेतील मुलांनी १९५१ साली गळक्या खोल्या आणि अपुऱ्या सोयींविरुद्ध संप केला. बार्बरा जॉन्स ही १६ वर्षांची विद्यार्थिनी त्या संपाची पुढारी होती. तो खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९५४ साली ज्या निकालाने अमेरिकेतील सरकारी शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरविला, त्यात तो समाविष्ट होता. एकत्र शिकवावे लागू नये म्हणून त्या जिल्ह्याने १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सरकारी शाळाच बंद ठेवल्या! विद्येचे दार दुसऱ्याला उघडण्यापेक्षा ते सर्वांनाच बंद करणे काही माणसांना बरे वाटते, हे ह्यावरून ध्यानात घ्यावे.

फरक कशाचा?

दोघींच्या बुद्धीत वा कष्टात फरक दाखविता येणार नाही. एकीच्या नावाची युद्धनौका तिच्या मृत्यूनंतर सहा वर्षांच्या आत अमेरिकेच्या नौदलात दाखल झाली; दुसरीचे नाव कळण्यास लोकांना सत्तर वर्षे लागली. हॉपरचा मोठेपणा ह्याने उणा होत नाही. स्त्री म्हणून आणि वय झाले म्हणून तिलाही अडविण्यात आलेच. परंतु डोरोथीला त्याखेरीज जन्माची एक भिंत होती.

यंत्र कोणाची जात विचारीत नाही, असे आपल्या मुलांना नेहमी सांगण्यात येते. ते खरे आहे. परंतु यंत्रापुढे कोणाला बसवावयाचे हे माणूस ठरवितो आणि माणूस विचारतो, कधी आडनावावरून, कधी गावावरून, कधी आहारावरून. सरकारी नोकरीत जे आरक्षण आहे ते खाजगी सॉफ्टवेअर कंपन्यांना लागू नाही. समुद्रापलीकडे गेल्याने जात सुटते असेही नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्याचे मोठे केंद्र असलेल्या सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई केली. असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. कायदा करण्याची पाळी आली, ह्याचा अर्थ तुम्ही ओळखा. म्हणून विद्या आणि हक्क ह्यांपैकी एक घेऊन दुसरे सोडणे आपल्याला परवडणारे नाही.

मग आपण काय करावे?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. ही विद्या टिकेल काय? माझे उत्तर असे की, यंत्र टिकत नाही, यंत्राची भाषा पुष्कळदा टिकत नाही, परंतु काम फोडून पाहणे, त्याचा क्रम लावणे आणि चूक कोठे आहे ती शांतपणे हुडकणे ही सवय टिकते. हॉपरने मार्क वनपासून युनिव्हॅकपर्यंत आणि तेथून कोबोलपर्यंत हीच सवय नेली. डोरोथीने हाताच्या हिशेबापासून फोर्ट्रानपर्यंत हीच नेली. तेव्हा तीन महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या क्लासच्या जाहिरातीला भुलून पैसे भरण्यापूर्वी मुलाचे गणित पक्के आहे की नाही, हे आधी पाहा. ज्याचा पाया पक्का, त्याला नवे यंत्र परके राहत नाही.

आता यंत्रच प्रोग्राम लिहिते, ही भीती दुसरी. साध्या बोलीत सांगितले की प्रोग्राम लिहून देणारी यंत्रे आज आली आहेत, हे खरे. त्यामुळे काही कामे जातील, हेही खरे. परंतु कंपायलर आला तेव्हाही प्रोग्रॅमरांना हीच धास्ती होती, आणि पुढे त्यांची संख्या घटली नाही, वाढली. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही, ते कोणावर अन्याय करते की काय, हे पाहण्यास जाणते माणूस लागतेच. शिष्यवृत्तीच्या प्रोग्रामात एक अट चुकीची पडली तर कोणाच्या मुलांचे वर्ष जाते? तेथे पाहणारा डोळा आपल्या घरातला असणे जरूर आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने कमीपणा मानू नये. यंत्राला सर्व भाषा सारख्या, हे हॉपरने फ्रेंच-जर्मन प्रयोगाने दाखविलेच होते. १९९१ साली निघालेल्या युनिकोड ह्या जागतिक पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आहे. ‘अ’ चा क्रमांक २३०९ आणि ‘म’ चा २३५०. जगातले बहुतेक कोणतेही आधुनिक यंत्र ते ओळखते. तेव्हा विषय मराठीतून समजून घ्या. समजल्यावर इंग्रजीही जिद्दीने शिका, कारण ह्या धंद्याचा पत्रव्यवहार आणि पुस्तके तिच्यात आहेत. समज मायबोलीतून यावी आणि व्यवहार दोन्ही भाषांत करता यावा.

चौथी गोष्ट मुलींची. ही विद्या घडविणाऱ्यांत स्त्रिया आरंभापासून पुढे होत्या. ‘गणित मुलींना झेपत नाही’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते, त्या घराने ह्या दोघींची नावे भिंतीवर लिहून ठेवावीत. फी एकाचीच भरता येत असेल तर ती मुलाची भरावी, असा जो नेम आपण न बोलता पाळतो, तो मोडलाच पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट. आपल्या वस्तीतील जो मुलगा किंवा मुलगी ह्या धंद्यात स्थिरावली असेल, तिने वर्षाला निदान दोघांना शिकवावे. पैसा देता आला नाही तर रविवारचे दोन तास द्यावेत. एक जुना संगणक विहाराच्या खोलीत ठेवावा, अर्ज कसा भरावयाचा, मुलाखतीत काय विचारतात, अन्याय झाला तर तक्रार लेखी कशी करावयाची, हे सांगावे. जे कळले ते हॉपरने पुस्तकात उतरविले आणि डोरोथीने शेजारच्या टेबलावरील बाईला सांगितले. आपण वर चढल्यावर शिडी ओढून घेणारा माणूस पुरोहितांच्याच पंक्तीत जाऊन बसतो, मग त्याचे आडनाव काही असो.

तुमच्या मुलांना ह्या विद्येत चाळीस वर्षे काढावयाची असतील तर त्यांना चाळीस वर्षे विद्यार्थी राहावे लागेल. ते ओझे आहे हे मी नाकारीत नाही. परंतु ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी होण्याचीच बंदी होती, त्यांच्या मुलांनी ह्या ओझ्याला भिण्याचे कारण नाही. फी भरावयाची की नाही हे आज रात्री घरी बसून ठरवा, ठरविताना मुलीलाही जवळ बसवा आणि तिचे म्हणणे ऐका.

इतके बोलून मी आपली रजा घेतो. जय भीम.